बियाफ्राच्या नोटांचा संग्रह कसा करावा

नायजेरियाने जानेवारी 1968 मध्ये आपल्या जुन्या नोटा रद्द केल्या आणि त्यातून फुटून निघालेल्या बियाफ्राकडचा तो पैसा निरुपयोगी ठरला. त्यामुळे 30 मे 1967 रोजी स्वतंत्र झाल्याचे घोषित केलेल्या या देशाच्या बँक ऑफ बियाफ्राला जानेवारी 1968 च्याच अखेरीस स्वतःच्या नोटा काढाव्या लागल्या. युद्धात बियाफ्राने 15 जानेवारी 1970 रोजी पत्करलेल्या शरणागतीनंतर त्यांना चलन म्हणून किंमत उरली नाही.

प्रथम मालिका ओळखावी. पहिल्या मालिकेत 5 शिलिंग आणि 1 पौंड एवढ्याच नोटा आहेत, तर दुसरीत 5 व 10 शिलिंग आणि 1, 5 व 10 पौंड अशा पाच आहेत. नोटांवर वर्ष छापलेले नाही, म्हणून समान मूल्याच्या नोटांत रंग आणि नक्षी पाहूनच मालिका ठरवावी. ताडाचे झाड आणि उगवता सूर्य दोन्हींत आहेत.

सुरुवात दुसऱ्या मालिकेतील 1 पौंडापासून करावी, कारण ती कोऱ्या अवस्थेतही सहज मिळते. त्यातल्या काहींवर अनुक्रमांक नसतो. तेवढ्यासाठी ‘दुर्मीळ चूक’ म्हणून कोणी जादा पैसे मागितल्यास देऊ नयेत.

खरी अडचण पहिल्या मालिकेत येते. युद्धकाळात हातोहात फिरलेली नोट धुऊन, दाबून कोरी म्हणून विकली जाते, आणि मी स्वतः अशा एका पौंडासाठी कोऱ्या नोटेची किंमत मोजली आहे. छायाचित्रात ती निर्दोष दिसत होती. हातात आल्यावर मात्र कागद लुळा लागला आणि छपाईचा उठाव बोटांना जाणवेना. तेव्हापासून मी समोरून प्रकाश टाकून काढलेल्या छायाचित्रावर विश्वास ठेवत नाही. अंधाऱ्या खोलीत नोट सपाट ठेवून विजेरी तिच्या कडेला अगदी आडवी धरावी, म्हणजे दाबलेली घडी बहुधा बारीक रेघेसारखी उठते. विक्रेत्याकडून असेच छायाचित्र मागवावे आणि तो टाळाटाळ करत असेल तर व्यवहार सोडून द्यावा. अतिनील दिव्याखाली साबणाचा अंश कधीकधी चमकतो, परंतु तुलनेसाठी त्याच मालिकेची खात्रीची नोट शेजारी नसेल तर त्या चमकेवरून निष्कर्ष काढू नये. कोपरे गोलसर झालेले असूनही मधला भाग ताठ असेल, तर ती नोट दाबलेली आहे असेच मी धरतो. मळलेली, पण कोणी हात न लावलेली नोट मी अशा नोटेपेक्षा केव्हाही पसंत करतो, आणि ती घरी धुण्याचा किंवा इस्त्री करण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नये.

जपणूक सोपी आहे: लॅमिनेशन मुळीच करू नये, पीव्हीसीऐवजी पॉलिएस्टरचे पाकीट वापरावे, आणि खरेदीची तारीख व किंमत सोबतच्या कार्डावर पेन्सिलीने लिहावी.