एथिक्समध्ये ‘दुःख’ हा विषय घेताय? मी कुठे अडकलो ते सांगतो

युटिलिटेरियनिझम (जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख बघणारा विचार), तत्त्वज्ञ कांट वगैरे तुमचं बीएला झालेलंच असणार, ते परत सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते एकाच चुकीबद्दल, जिच्यात माझं एमएचं आख्खं सेमिस्टर गेलं.

डिझर्टेशनचा विषय होता दुःखाचं नैतिक महत्त्व. मी पहिलं चॅप्टर चाळीस पानं लिहिलं आणि सगळ्याचा सूर एकच, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. लहानपणापासून हेच ऐकलेलं ना. गाईडनी ते चॅप्टर तीन महिने उघडलंच नाही, आणि वाचल्यावर एवढंच विचारलं, मग आजारी माणसाला औषध का द्यायचं? मला उत्तर देता आलं नाही. त्याच वर्षी आजीला कॅन्सर होता, शेवटी शेवटी मॉर्फीनशिवाय तिचा डोळा लागायचा नाही, आणि मी तिच्या उशाशी बसून वेदनेने माणूस कसा घडतो ते टाईप करत होतो. अजून आठवलं की पोटात कालवतं.

तर नीट बघा. दुःखाने माणूस घडतो का, हा एक प्रश्न. समोरच्याला दुःख होतंय म्हणून मला काही करणं भाग आहे का, हा पूर्ण वेगळा प्रश्न, आणि तुमचा विषय हा दुसरा आहे. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी दुसरा तसाच उभा राहतो. मला हे युटिलिटेरियनिझम मांडणाऱ्या बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञामुळे कळलं. त्याच्या १७८९च्या पुस्तकात १७व्या प्रकरणाच्या एका तळटीपेत तो प्राण्यांबद्दल म्हणतो की त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का हा प्रश्नच नाही, त्यांना दुःख होतं का हा प्रश्न आहे. आता चाबकाने घोड्याला देवपण येतं असं कोणी म्हणत नाही, तरी तो चाबूक आपल्याला खुपतोच की.

बाजारातल्या रेडिमेड नोट्सवर राहू नका, त्यात तळटीपा नसतात आणि या विषयाचा जीव तळटीपांत आहे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरनी १९४५मध्ये सुख वाढवण्यापेक्षा दुःख कमी करणं जास्त तातडीचं म्हटलं ते पण त्याच्या पुस्तकाच्या टिपांमध्येच. पण पॉपर पटला म्हणून लगेच त्याच्यामागे धावू नका. आर. एन. स्मार्ट या तत्त्वज्ञानी १९५८मध्ये त्याला उत्तर म्हणून दोन पानांच्या लेखात विचारलं, की एखाद्या राजाकडे सगळ्या मानवजातीला क्षणात, वेदना न होता संपवणारं हत्यार असेल तर दुःख संपवायला त्याने ते वापरायचं का? याला तुमचं स्वतःचं उत्तर नसेल तर व्हायवात (तोंडी परीक्षेत) उघडे पडाल.

घाबरू मात्र नका, प्रश्न एकदा सुटे झाले की लिखाण भराभर होतं, माझं दुसरं चॅप्टर सहा आठवड्यांत झालं. फक्त घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर एक टर्म गॅप घ्या, गाईड काहीही म्हणोत. मी घेतला नव्हता.