पऱ्हाटी उपटा, पण साऱ्या शिवाराने मिळून: खान्देशासाठी जानेवारी ते मार्चचा सल्ला

संक्रांत उलटली की खान्देशातल्या कपाशीच्या शिवारात दोन चित्रं दिसतात. एकाचं रान पऱ्हाटी (वेचणी झालेली कपाशीची झाडं) काढून, मोकळं होऊन नांगरटीला आलेलं, आणि बांधापलीकडे विहिरीला पाणी आहे म्हणून युरिया टाकून, पाणी भरून धरलेली फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पुन्हा बहर घ्यायला राखलेली जुनीच कपाशी. फरदडवाल्याचा हिशेब सरळ असतो: बियाण्याचा खर्च नाही, निंदणी नाही, जे निघेल ते वरकड. तोंडी हिशेबाला हे बरोबर वाटतं. पण त्या हिशेबात पुढच्या जूनचा खर्च धरलेला नसतो, आणि तो खर्च बऱ्याचदा बांधाशेजारच्याला भरावा लागतो.

फरदडीतलं एक न उमललेलं, वाळत चाललेलं बोंड तोडा आणि अंगठ्याने फोडा. आत कवडी झालेला (न फुललेला, घट्ट), पिवळट डागांचा कापूस असेल. सरकी बोटाने मोकळी करत गेलात की मधेच दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या सापडतील. त्या उकला. आत बारीक गुलाबी अळी मुटकुळं करून निजलेली असते. थंडी सरून ऊन वाढलं की तिचा कोष होतो, कोषातून पतंग निघतो आणि फुलाची वाट शोधतो. फूल मिळालं नाही तर तो अंडी न घालता मरतो. गुलाबी बोंडअळीविरुद्ध आपल्या हातातलं सगळ्यात स्वस्त हत्यार हेच आहे: मधले पाच-सहा महिने तिला पात्या (फुलकळ्या), फुलं किंवा बोंड मिळू द्यायचं नाही. २०१७ सालच्या खरिपात राज्यभर या अळीने कपाशीचं केलेलं नुकसान वेगळं सांगायला नको. बोंडअळीविरुद्धची दोन विषं झाडातच असलेल्या बीजी-२ वाणांतली ती दोन्ही विषं ती पचवू लागली आहे, त्यामुळे बियाण्याच्या पाकिटावर विसंबून चालत नाही.

म्हणून डिसेंबरअखेर कापूस संपवा, असं कृषी विभाग सांगतो. ज्यांचा अजून उभा आहे त्यांनी तो जानेवारीतच काढावा. आणखी एक वेचणी होईल म्हणून फेब्रुवारीची वाट पाहू नये. याचीच दुसरी बाजू म्हणजे आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास बागायती कपाशी टोकण्याची आपल्याकडची सवय. मेमध्ये लावलेली कपाशी जूनअखेर-जुलैत पात्यांवर येते आणि पहिल्या पावसात निघालेल्या पतंगांना आयतं घर मिळतं. १ जूननंतरच लावा, हा आग्रह त्यासाठीच आहे. पाणी असताना थांबणं जीवावर येतं, हे मान्य. पण पंधरा-वीस दिवसांच्या घाईपायी पुढे सप्टेंबरमध्ये डोमकळ्या (अळीने आतून गुंडाळून टाकलेली, न उमलणारी फुलं) वेचत बसावं लागतं.

आता मुद्द्याची गोष्ट. हल्ली नवं तंत्र म्हणून जे दाखवलं जातं ते बहुतेक एका शेतापुरतं असतं: ड्रोनची फवारणी, मोबाईलवर चालणारी मोटार, ओलावा सांगणारे सेन्सर. त्यात वाईट काही नाही, मजूर मिळत नसताना ड्रोन भाड्याने आणणं परवडतंही. पण बोंडअळीचा पतंग आणि भूगर्भातलं पाणी, दोघंही बांध मानत नाहीत. नर पतंगाला चकवून मिलनच होऊ न देणारं गंधतंत्र आलं आहे. तेही सलग मोठ्या क्षेत्रावर लावलं तरच चालतं, कारण शेजारच्या रानात फळलेली मादी उडत येऊन तुमच्या कपाशीत अंडी घालते. मादीच्या गंधाने नर पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांचंही तसंच. एका सापळ्यात ८ पतंग रोज, सलग तीन रात्री, हे प्रमाण आलं की फवारणीचा विचार करायचा हे सगळ्यांना पाठ झालंय, पण सापळा एकाकडे आणि फरदड दुसऱ्याकडे असेल तर तो आकडा कमी होणार कसा?

खान्देशाला हे नवीन नाही. पांझरेच्या काठी साक्री-धुळ्याकडे बंधाऱ्यावरची फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी पाळी फिरवायची आणि पाणी द्यायचं ते पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या हाताने. कोणाच्या मनाला येईल तेव्हा कोणी पेरत नसे. तशीच पऱ्हाटी काढण्याची तारीख गावाने ग्रामसभेत किंवा अगदी पारावर बसून मिळून ठरवली, तर त्या एका ठरावाचा उपयोग कित्येक फवारण्यांपेक्षा जास्त होईल.

काढायची कशी, त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. शेवटच्या वेचणीनंतर आधी मेंढ्या-शेळ्या सोडा. मेंढपाळ ठेलारी बांधवांचे कळप शिवारात असतातच. पाला आणि हिरवी बोंडं ते खातात, अळ्याही त्यात जातात, आणि रात्री कळप बसवला तर लेंडीखत फुकट. मात्र फवारणी करून फार दिवस झाले नसतील तर कळप आत घेऊ नका. मग ट्रॅक्टरच्या श्रेडरने पऱ्हाटीची कुट्टी करून जागेवर पसरा आणि नांगरटीत गाडा. श्रेडर गावात नसेल तर गटाने भाड्याने आणावा, एकट्याने विकत घेण्यासारखं ते यंत्र नाही.

पऱ्हाटी लाकडासारखी कडक असते, तिच्यात कर्ब जास्त आणि नत्र कमी. तशीच गाडली तर कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र आधी स्वतः खातात आणि पुढचं पीक सुरुवातीला पिवळं पडतं. उसाच्या पाचटासाठी टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक, असं प्रमाण सांगितलं जातं. पऱ्हाटीच्या कुट्टीलाही तोच अंदाज धरा आणि एक हलकं पाणी द्या. कोरड्या रानात काहीच कुजत नाही. पाणी नसेल तर कुट्टी बांधाच्या कडेला खड्ड्यात शेणकाल्याचे थर देऊन भरा. हलक्या, मुरमाड जमिनीत वाळवीचा त्रास असेल तर खड्ड्याचाच मार्ग बरा.

पेटवून देणं सोपं आहे, पण त्यात कर्ब आणि नत्र धुरात जातात. आणि सरपणाचं काय? चूल अजून घरोघरी पेटते, तेव्हा पऱ्हाटीचे भारे रचू नका म्हणणं शहाणपणाचं नाही. भारे बांधण्याआधी त्यांवरची वाळकी बोंडं झोडून काढा, तेवढी जाळा, आणि सरपण मेच्या आत संपेल एवढंच ठेवा. भाव वाढेल म्हणून घरात कापूस साठवणाऱ्यांनी त्या खोलीतही एक कामगंध सापळा टांगावा. पतंग तिथूनही निघतात.

आता पाण्याकडे. रावेर-यावलच्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाड्यात (डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोटे-वाळूच्या, पाणी मुरणाऱ्या पट्ट्यात), विहिरींची पातळी खाली जात राहिली. ठिबक आलं, तरी ती वर आली नाही. कारण उघड आहे: वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी एक एकर केळी लावतो. ठिबक लावायलाच हवं, पण वाचलेलं पाणी कुठे गेलं याचाही हिशेब ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये रानं मोकळी असताना विहीर पुनर्भरणाचं काम उरकून घ्या. ओढ्याचं गढूळ पाणी थेट विहिरीत सोडू नका. आधी गाळाचा खड्डा, मग दगडगोटे, खडी आणि वाळूचा गाळणी खड्डा, आणि तिथून पाइपाने विहिरीत.

असलेलं ठिबक उन्हाळ्याआधी तपासा. एका नळीवरचा पहिला, मधला आणि शेवटचा ड्रिपर धरा, खाली भांडं ठेवा आणि मोबाईलवर ३ मिनिटं लावा. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरने तेवढ्यात २०० मिली द्यायला हवं. भर उन्हाळ्यात केळीच्या झाडाला रोज साधारण २० लिटर लागतं, झाडाला दोन ड्रिपर असतील तर अडीच तास. पण शेवटच्या ड्रिपरने १२० मिलीच दिलं तर त्या झाडाला १२ लिटरच मिळतात, आणि मोटार मात्र तेवढीच चालते. बागेच्या टोकाची झाडं दरवर्षी बारीक राहतात ती बरेचदा याच कारणाने, खत कमी पडलं म्हणून नाही.

आपल्या विहिरी-बोअरचं पाणी क्षारांचं, त्यामुळे ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं किटण धरतं. त्याला आम्ल प्रक्रिया करावी. आधी एका बादलीतलं पाणी मोजून घ्या, त्यात व्यापारी हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं टाकत सामू (पीएच) पट्टीने ४ येईपर्यंत पाहा. म्हणजे किती लागेल ते कळतं. नळीच्या टोकाला सामू ४ मिळाला की मोटार बंद करून १२ ते २४ तास तसंच ठेवा आणि मग टोकं उघडून नळ्या धुवून काढा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. शेवाळासाठी ब्लिचिंग पावडर वापरणार असाल तर ते काम वेगळ्या दिवशी करा, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुवायचं काम सालदारावर टाकून विसरू नका.

केळीच्या बागेत आता थंडीचं काम थोडंच उरलं आहे: रात्रीचं तापमान १२ अंशांखाली जाईल त्या रात्री पाणी चालू ठेवा, एवढं पुरे. खरी तयारी उन्हाची. मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि पश्चिमेचा तप्त वारा पानं फाडून टाकतो. लागवडीसोबत वारा अडवायला कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावलेलं असेल त्याला फार करावं लागत नाही. ज्याने लावलं नाही त्याने मार्चमध्येच पश्चिम आणि दक्षिण बाजूला हिरवी जाळी उभी करावी. ओळींत गव्हाचं काड, सोयाबीनचा भुसा किंवा केळीचीच वाळली पानं अंथरा. पानांवर केओलीन (पांढरी चिकणमाती) ८ टक्के फवारलं तर बाष्पीभवन कमी होतं.

कटाई झालेल्या बागेतलं खोड बांधावर ओढून टाकण्याची पद्धत आहे. त्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी आणि भरपूर पालाश असतं. पील (बुंध्याचा नवा फुटवा) ठेवणार असाल तर खोड एकदम तोडू नका, टप्प्याटप्प्याने कापा, त्यातलं अन्न पिलाला मिळतं. नाहीतर तुकडे करून बागेतच टाका. नवसारी कृषी विद्यापीठाने याच खोडाच्या रसापासून द्रवखत तयार केलं आहे. धागा काढणारं यंत्र मात्र गटाकडे नियमित खोडं आणि धाग्याचा खरेदीदार दोन्ही असतील तरच घ्यावं.

माती परीक्षणाला हीच वेळ आहे, शेणखत टाकण्याआधीची. ड्रिपरच्या खालची, बांधाची आणि उकिरड्याजवळची माती घेऊ नका. पाल, ममुराबाद, धुळे आणि कोळदे इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करा.

जूनच्या मृगबागेसाठी (मृगात लावायच्या केळीसाठी) ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांची नोंदणी लवकर करा, म्हणजे रोपवाटिका निवडायला वाव राहतो. रोपं विषाणूमुक्त असल्याचा चाचणी अहवाल लेखी मागा आणि पावती जपून ठेवा. बागेत किंवा बागेलगत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची घेऊ नका. काकडीवरचा मोझॅक विषाणू मावा तिथूनच केळीवर आणतो.