एकच ऑर्डर दोनदा नोंदू नये म्हणून

मोठ्या ऑनलाइन दुकानात नव्याने रुजू झालेल्या डेव्हलपरने सर्वप्रथम ऑर्डर नोंदवणारा कोड समजून घ्यावा. यावलच्या एखाद्या ग्राहकाने ‘पैसे भरा’ हे बटण दाबले, तेवढ्यात रेंज गेली आणि त्याने ते पुन्हा दाबले, तर सर्व्हरकडे दोन विनंत्या पोहोचू शकतात. म्हणून ग्राहक पैसे भरण्याच्या पानावर येताच त्या खरेदीला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, डेटाबेसमध्ये त्या क्रमांकावर ‘युनिक’ बंधन, म्हणजे तोच क्रमांक दोनदा नोंदता येणार नाही अशी अट, घालावे आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास नवी ऑर्डर न नोंदवता पहिलेच उत्तर परत पाठवावे. बटण काही क्षण बंद ठेवणे पुरेसे नाही.

साठ्याचेही तसेच आहे. आधी शिल्लक वाचून नंतर ती एकने कमी करू नये, कारण मधल्या क्षणात दुसरा ग्राहक शिरतो आणि शेवटची साडी दोघांना विकली जाते; ‘शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच कमी कर’ अशी एकच आज्ञा द्यावी.

दिवाळीच्या सेलमधील रात्रपाळी जळगावच्या घरून करायची असेल, तर राउटरही इन्व्हर्टरला जोडावा. पहिल्या वर्षी मी फक्त पंखा जोडला होता.