सतरा जुलैला ही माणसं कुठे होती?

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातला, न्यूयॉर्कमधला १८६३चा सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्धचा दंगा निवडला. पहिला खर्डा चाळीस पानांचा झाला, त्यातली पस्तीस पानं १३ ते १६ जुलै या चार दिवसांवर. मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच लिहिलं, 'सतरा जुलैला ही माणसं कुठे होती?' या विषयाकडे वळणार असाल तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

दंग्याची कारणं लवकर हाती लागतात. ३०० डॉलर भरले की भरतीतून सुटका, आणि मजुराची वर्षभराची कमाईच जेमतेम तेवढी. कृष्णवर्णीयांना नागरिक मानत नसल्यामुळे भरतीसाठी काढलेल्या चिठ्ठ्यांत त्यांची नावंच नव्हती. गोदीत कामासाठी त्यांच्याशी आधीपासून चढाओढ असलेल्या मजुरांचा, विशेषतः आयरिशांचा, राग त्यांच्यावरच उलटला. फिफ्थ अॅव्हेन्यूवरचा कृष्णवर्णीय मुलांचा अनाथाश्रम जाळला. आतली दोनशेहून अधिक मुलं मागच्या दाराने वाचली.

खरं काम इथून पुढे. १८६० आणि १८६५च्या जनगणना शेजारी ठेवा. शहरातले कृष्णवर्णीय १२,००० वरून १०,००० च्या आसपास आलेले दिसतील. मला हा आकडा मृतांच्या आकड्यापेक्षाही जास्त बोचतो, कारण ही जिवंत माणसं आपलं घर, दुकान, शाळा सोडून गेली. बरीच नदीपलीकडे ब्रुकलिनला गेली, ते तेव्हा वेगळं शहर होतं. अनाथाश्रमाचे डॉक्टर जेम्स मॅक्यून स्मिथही मॅनहॅटन सोडून तिकडेच गेले. अनाथाश्रम पुढे शहराच्या पार उत्तरेला, १४३व्या रस्त्याकडे हलला.

पण आकड्यांवर थांबू नका, एखादं कुटुंब धरा. मी लायन्स हे कृष्णवर्णीय कुटुंब धरलं. आईवडील खलाशांसाठी खानावळवजा वसतिगृह चालवत. दंगेखोरांनी ते लुटलं. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी मॅरिचा घरच्यांबरोबर नदी ओलांडून पळाली, पुढे ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्सला पोचली. तिथल्या हायस्कूलने रंगावरून प्रवेश नाकारला. घरच्यांनी लढा दिला, ती राज्याच्या विधिमंडळापुढे उभी राहून बोलली, आणि १८६९ मध्ये तिथून उत्तीर्ण झाली. मग ब्रुकलिनला परतून तिने अनेक दशकं शाळेत शिकवलं. उतारवयात लिहिलेल्या तिच्या आठवणींचं टंकलिखित न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या शॉमबर्ग सेंटर या संशोधन-ग्रंथालयात आहे. ते वाचताना त्या काळचा नकाशा जवळ ठेवा आणि ती जिथे जिथे राहिली तिथे पेन्सिलीने खूण करत जा.