चर्चासत्रात निबंधाचे शीर्षक चुकीचे छापले गेल्यास काय करावे

शोधनिबंधाचे शीर्षक एकाच ठिकाणी छापले जात नाही. सारांशपुस्तिका, कार्यक्रमपत्रिका, सहभागाचे प्रमाणपत्र आणि पुढे निबंधसंग्रह अशा चार-पाच जागी ते उमटते, आणि हल्ली बहुतेक आयोजक गूगल फॉर्मवर आलेल्या माहितीची एकच एक्सेल यादी करून तिच्यावरूनच हे सगळे तयार करवून घेतात. त्यामुळे चूक दिसताच छापील कागदावर पेन चालवण्याआधी मूळ यादीत काय आहे हे विचारावे. यादी तशीच राहिली तर पत्रिकेत सुधारलेली चूक संध्याकाळी प्रमाणपत्रावर पुन्हा समोर येते.

प्रत्येक चुकीची दखल सारख्याच गांभीर्याने घेण्याचे कारण नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक असेल तर सत्रात तिचा उल्लेखही करू नये, लेखी कळवावी आणि सोडून द्यावी. अर्थ बदलत असेल तर मात्र गप्प बसू नये. बडोद्यातल्या एखाद्या चर्चासत्रात ‘बडोदे संस्थानातील सक्तीचे प्राथमिक शिक्षण : १८९३ ते १९०६’ हे शीर्षक ‘१८३९ ते १९०६’ असे छापले गेले, असे समजू. दोन आकड्यांची अदलाबदल एवढीच ही चूक. पण १८३९ साली गादीवर दुसरे सयाजीराव होते, आणि ज्यांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू करून १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला, त्या तिसऱ्या सयाजीरावांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. जाणकार श्रोता हा दोष छापखान्याच्या नव्हे, वक्त्याच्या माथी मारील.

याहून फसवी चूक ती, जी वाचताना चूक वाटतच नाही. वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली संहिता, बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली. महाभारताची पुण्याच्या भांडारकर संस्थेने. शीर्षकात एकाच्या जागी दुसरे पडले, तर व्याकरण शुद्धच राहते आणि मुद्रितशोधकाला शंका येत नाही. अशी चूक केवळ निबंधकारच पकडू शकतो, म्हणून पत्रिकेचा मसुदा आला की स्वतःची वेळ आणि सत्र पाहून तो मिटून ठेवू नये, शीर्षक अक्षरशः वाचावे.

चूक ऐन दिवशी लक्षात आली, तर सत्र सुरू होण्यापूर्वी शुद्ध शीर्षक चिठ्ठीवर लिहून सत्राध्यक्षांच्या हाती द्यावे, म्हणजे परिचय करून देताना ते योग्य तेच वाचतील. तेवढी संधी मिळाली नाही, तर आरंभी ‘पत्रिकेत १८३९ असे छापले आहे, ते १८९३ असे वाचावे’ एवढे एक वाक्य पुरे. आयोजकांवर शेरा मारण्यात पंधरा मिनिटांपैकी दोन घालवणारे वक्ते आपण सर्वांनी ऐकले आहेत. पहिल्या स्लाइडवर शुद्ध शीर्षक असले की बाकीचे काम तीच करते.

निबंधाचा रोख लिहिता लिहिता बदलला आणि नोंदवलेले शीर्षक आता जुळत नाही, ही छपाईची चूक नव्हे. येथे शीर्षक परस्पर बदलू नये. संयोजकांना आधी कळवून लेखी संमती घ्यावी. पत्रिकेत एक, प्रमाणपत्रावर दुसरे आणि संग्रहात तिसरे शीर्षक असेल, तर पदोन्नतीच्या अर्जासोबत कागद जोडताना हे तिन्ही एकच काम आहे हे सिद्ध करण्याचा ताप निबंधकारालाच होतो. प्रमाणपत्र चुकलेले असल्यास ते त्याच दिवशी परत देऊन नवे मागावे. समिती एकदा पांगली की सही मिळवणे कठीण होते. कळवताना छापलेले शीर्षक, हवे असलेले शीर्षक आणि सत्र क्रमांक या तिन्ही गोष्टी एकाच मेलमध्ये लिहाव्यात.

निबंधसंग्रह प्रसिद्ध झाल्यावर मात्र तोंडी विनंतीचा उपयोग नाही. छापील ग्रंथात शुद्धिपत्र जोडता येते. ऑनलाइन लेखाला डीओआय, म्हणजे लेखाची कायमची ओळख ठरणारा क्रमांक, असल्यास तो क्रमांक तोच राहतो आणि त्याच्याशी जोडलेली शीर्षकाची नोंद प्रकाशकाला दुरुस्त करता येते. म्हणून केवळ पीडीएफ बदलून न थांबता नोंदही सुधारली का, हे विचारावे.

आयोजकांसाठी बडोद्यापुरती एक सूचना. येथे जुळणी करणारा बहुधा गुजराती भाषक असतो आणि ‘पद्धती’, ‘संस्कृती’ या शब्दांचा अंत्य स्वर त्याच्या हातून सवयीने ऱ्हस्व होतो. ती त्याची चूक नव्हे, गुजरातीत ते तसेच लिहितात. म्हणून मराठी शीर्षके त्याला पुन्हा टंकायला न देता निबंधकाराने पाठवलेल्या युनिकोड मजकुरातून उचलायला सांगावीत, सोबत पीडीएफ द्यावी, आणि शेवटचे मुद्रित मराठी वाचणाऱ्या व्यक्तीने त्या पीडीएफशी ताडून मगच छपाईला सोडावे.