विद्यापीठ म्हसरूळला, शिकणं भलतीकडेच

दिंडोरीहून नाशिकला येणारी एसटी म्हसरूळजवळ आली की आई खिडकीतून बोट दाखवायची, "ते बघ, तुझं विद्यापीठ." मला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला तेव्हा तिने अख्ख्या भावकीत सांगून टाकलं, पोरगी म्हसरूळला शिकते. साडेचार वर्षांत मी त्या आवारात दोनदा गेले, दोन्ही वेळा कागदांसाठी.

हा घोळ बऱ्याच जणांचा होतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली स्थापन झालं. एमबीबीएसपासून आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपीपर्यंत राज्यभरातल्या कॉलेजांना ते संलग्नता देतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. शिकायचं कॉलेजात. म्हणून ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरण्याआधी एखाद्या सकाळी त्या कॉलेजच्या हॉस्पिटलात चक्कर मारा. ओपीडीला रांग आहे का बघा. इमारत चकाचक आणि वॉर्ड रिकामा असेल तर हात बसणार कशावर?

नीट आणि सीईटी सेलच्या फेऱ्यांबद्दल सगळेच सांगतात. मी एवढंच सांगेन, जातवैधता आणि नॉन-क्रीमिलेअर बारावीतच मार्गी लावा. आमच्या वेळी 4 वर्षं आणि 6 महिने इंटर्नशिप होती. आता अभ्यासक्रम बदलतोय, त्यामुळे सीनियरच्या नाही, त्या वर्षीच्या माहितीपत्रकाच्या भरवशावर राहा.

पहिलं वर्ष अ‍ॅनाटॉमीचं. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, डबा उघडावासा वाटत नाही, मग आठवड्याभरात सवय होते. हाडांचा सेट सीनियरकडून घ्या, नवा कशाला? थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्हींत वेगवेगळे 50 टक्के लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या मला व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उत्तर यायचं, फक्त इंग्रजीत यायचं नाही. रात्री होस्टेलच्या गच्चीवर मोठ्याने बोलून सराव केला, मैत्रिणी हसल्या तरी.

पेशंटसमोर मात्र उलटंच झालं. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची गोडी छाटणी करणारे एक काका दुखरा खांदा घेऊन आले. मी इंग्रजी धड्यातले प्रश्न मराठीत विचारत राहिले, ते म्हणाले, "चमक निघते, मॅडम." सांध्याचा कोन मोजणारा गोनिओमीटर लावला, हात बाजूने 90 अंशांपर्यंतच जात होता. बोटांनी भिंत चढायचा व्यायाम सांगितला, हात वर नेऊन काम करू नका असंही मी बजावलं. पंधरा दिवसांनी खांदा तसाच.

"छाटणी सोडून घरी बसू का?" त्यांनी विचारलं.

द्राक्षाच्या बागेत वाढलेली मी, आणि मांडवाची तार डोक्याच्या वर असते हे मला सुचलं नव्हतं! मग ठरलं, उपड्या क्रेटवर उभं राहून छाटायचं, म्हणजे हात खांद्याच्या वर जाणार नाही, आणि दर ओळीनंतर थोडं थांबायचं. भिंतीचा व्यायाम रात्री जेवणाआधी. पुढच्या वेळी 115 अंश आले. सरांनी केस शीटवर सही करताना विचारलं, "हे क्रेट कुठल्या पुस्तकात आहे?"