"कुठे आहे? दाखव." : घटना शिकायला बसलेल्यांसाठी

एलएलबीला असताना घटनेच्या चाचणीत मी लिहिलं होतं, 'लोकहितासाठी सरकार भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालू शकतं.' सरांनी 'लोकहित' शब्दाखाली लाल शाईनं दोनदा रेघ ओढली आणि समासात लिहिलं : कुठे आहे? दाखव.

मी अंबाजोगाई तालुक्यातल्या खेड्यातून औरंगाबादला शिकायला आलेली, मराठी माध्यमाची. तोवर सगळा अभ्यास गाईडवर. त्या रात्री खोलीवर पहिल्यांदा मूळ घटना उघडली आणि अनुच्छेद १९ चा खंड (२) बोट ठेवून वाचला. भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, अपराधाला चिथावणी. आठ कारणं. लोकहित त्यात नाहीच. ते सापडलं खंड (६) मध्ये, व्यवसाय-व्यापाराच्या हक्कापाशी.

दुसऱ्या दिवशी सरांनी 'सकाळ'चा खटला वाचायला दिला. पुण्याचं आपलं मराठी दैनिक. सरकारनं १९६० मध्ये आदेश काढला होता की अमुक किमतीला अमुकच पानं द्यायची. मोठ्या वृत्तपत्रांपुढे लहानांना टिकता यावं, हा हेतू. हेतू वाईट नव्हता. पण पानं कमी केली तर मजकूर घटतो, किंमत वाढवली तर खप घटतो. दोन्हीकडून बोलण्यालाच कात्री. लोकहित म्हणून व्यापारावर बंधन घालता येईल, भाषणावर नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये सांगितलं आणि तो आदेश आणि त्यामागचा कायदा टिकला नाही. माझ्या पेपरातली चूक खुद्द सरकारच्या वकिलांच्या युक्तिवादात होती, हे वाचून मला फार धीर आला. 'वृत्तपत्र स्वातंत्र्य' असा वेगळा शब्द घटनेत नाही, हेही तेव्हाच कळलं. ते १९(१)(क) मधूनच, म्हणजे भाषण आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यातूनच येतं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास विचारतात.

म्हणून नव्यानं येणाऱ्यांना माझं सांगणं : आधी कलमाची भाषा वाचा, मग गाईड. एकोणीस आणि पंचवीस, म्हणजे धर्मस्वातंत्र्याचं कलम, शेजारी ठेवून वाचा. एकोणीस आधी हक्क देतं, बंधनं मागून सांगतं. पंचविसाची सुरुवातच बंधनांनी होते : सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातल्या इतर तरतुदी यांना अधीन राहून. एकोणीस 'नागरिकां'साठी, पंचवीस 'सर्व व्यक्तीं'साठी. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला कॅनडाचा पासपोर्ट असलेले शीख भाविक येतात. त्यांना पंचविसाचं संरक्षण आहे, एकोणिसाचं नाही. कृपाण धारण करण्याचा उल्लेख तर पंचविसाच्या स्पष्टीकरणातच आहे. असं आपल्या आसपासचं उदाहरण धरलं की कलम विसरत नाही.

शेवटच्या वर्षी गावात अखंड हरिनाम सप्ताह होता. रात्रीचं कीर्तन दहाच्या पुढे गेलं आणि पारावरचा कर्णा बंद करा म्हणून पोलीस पाटील सांगायला आले. मंडपात कुजबुज सुरू झाली. आमचे नानाकाका, गळ्यात टाळ, रागानं लाल. मला म्हणाले, "तू वकिलीण व्हायलीस ना? आपल्या धर्माला असं अडवता येतं व्हय? कुठं लिहिलंय, दाखव."

सरांचाच प्रश्न. मी घरातून पुस्तक आणलं आणि मंडपाच्या बल्बखाली काकांना पंचविसाची पहिली ओळ वाचून दाखवली. 'आरोग्य' शब्दावर बोट ठेवलं. म्हटलं, काका, कीर्तन तुमचा हक्क आहे, ते कुणी थांबवत नाही. कर्ण्यासाठी ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, आपला सप्ताह त्यात बसत नाही. चेन्नईच्या एका चर्चच्या खटल्यात त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की ध्वनिक्षेपक लावून दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा, असं कोणताच धर्म सांगत नाही. भजनाला, अजानीला, चर्चला, सगळ्यांना एकच नियम.

काका थोडा वेळ पुस्तकाकडे बघत राहिले. मग कर्ण्याची वायर त्यांनीच काढली. टाळ-मृदंग बारापर्यंत चालला, आणि बुवांचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचावा म्हणून माणसं पुढे सरकून बसली.

निकाल वाचताना तत्त्वाच्या आधी हकिकत वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर ते फुकट मिळतात, काहींचा मराठी अनुवादही आहे. सुरुवात बिजो इमॅन्युएलपासून करा, १९८६ चा निकाल. केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गात नव्हती. शाळेनं काढून टाकलं. शाळेच्या बाजूला होती ती शिक्षण खात्याची परिपत्रकं. न्यायालयानं विचारलं ते साधारण हेच : गायलाच पाहिजे असं सांगणारा कायदा कुठे आहे? नुसत्या खात्याच्या परिपत्रकानं मूलभूत हक्क काढून घेता येत नाही. मुलांना शाळेत परत घेतलं गेलं. एकोणीस आणि पंचवीस दोन्ही एकाच निकालात शिकायला मिळतात.

तो निकाल मी सुट्टीत आजोबांना वाचून दाखवला होता. परिपत्रक म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सरकारी हुकूम, पण कायदा नव्हे. "म्हणजे गश्ती," आजोबा म्हणाले. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण ५३ होती. परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. कागद निघाला की झालं, विचारायची सोय नव्हती. आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "त्या पोरांचं ते परत एकदा वाच."